कठडा बांधला आहे काय?

(शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, निर्गम २२:६, लूक १४:५)



मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. ती वाचताना आपण बहुधा थांबत नाही. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर कोणी वरून पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत. राहाबेने हेरांना धाब्यावरील ताटांखाली लपविले, आणि पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला. लेकरेबाळे, पाहुणे, म्हातारी माणसे यांची तेथे नित्य ये-जा असे. म्हणून ज्या देवाने सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या, त्याच देवाने धाब्याच्या कठड्याचीही चिंता वाहिली.

या आज्ञेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पडलेल्या माणसाला कोणी ढकललेले नाही. घरधन्याच्या मनात कोणाविषयी वैर नाही. तो भला मनुष्य असेल, दशांश नियमित देत असेल, सण पाळीत असेल. तरीही देव म्हणतो की रक्ताचा दोष त्याच्या घरावर आहे. कारण जे त्याला करता येत होते ते त्याने केले नाही.

एप्रिल महिन्यात हा शास्त्रभाग मंडळीपुढे ठेवण्यास कारण आहे. दरवर्षी १४ एप्रिल ते २० एप्रिल हा आठवडा आपल्या देशात अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. शहरांत त्या दिवसांत कवायती होतात, शाळांतून प्रात्यक्षिके होतात. आपल्या मोहगाव, सौसर, पांढुर्णा या भागात तो सप्ताह पुष्कळांना ठाऊकही नसतो. आणि याच दिवसांत आपल्याकडे ऊन चढलेले असते, वारा सुटलेला असतो, गव्हाची कापणी झालेली असते, कडब्याच्या गंज्या घरालगत रचलेल्या असतात. वर्षातील आगीचे दिवस ते हेच.

कोणी म्हणेल, "मंडळीच्या मासिकात बंब आणि गॅसच्या टाक्या कशाला? आम्हांला आत्मिक अन्न द्या." त्या बंधूला आमचे नम्र उत्तर असे की कठड्याची आज्ञा पवित्र शास्त्रातच आहे, ती कोणा इंजिनियरच्या पुस्तकातून आम्ही आणलेली नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा हे सांगणे सोपे आहे; ती प्रीती विटामातीत कशी दिसते, हे या आज्ञेत दिसते.

या सप्ताहाचा आरंभ १४ एप्रिललाच का होतो, ते प्रथम पाहू. १९४४ साली महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्यावर सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, आणि त्याच जहाजावर कापसाच्या गाठीही होत्या. कापूस पिकविणाऱ्या आपल्या लोकांना सांगावयास नको की कापसाची आग कशी असते. ती वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या पोटात धुमसत राहते. दुपारी धूर दिसू लागला. संकटाची खरी कल्पना येण्यास व सर्वांना सावध करण्यास उशीर झाला. मुंबईचे अग्निशामक जवान आले, जहाजावर चढले, पाण्याचे होज त्यांनी आत सोडले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारोंची घरे गेली. आग विझवावयास गेलेले ६६ जवान त्या दिवशी परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळला जातो.

ते जवान कोणासाठी मेले? मुंबईत तेव्हाही सर्व धर्मांचे, सर्व जातींचे लोक राहत होते. होज हातात घेतलेल्या मनुष्याने गोदीतल्या हमालाची जात विचारली नाही. आपल्या प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला तो याच प्रश्नावर, माझा शेजारी कोण? अग्निशमन दलाचे बोधवाक्य 'त्राणाय सेवामहे' असे आहे, म्हणजे रक्षणासाठी आम्ही सेवा करतो. हे वाक्य संस्कृतातले असले तरी त्याचा अर्थ ख्रिस्ती मनाला परका वाटू नये.

आता तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट ही की निष्काळजीपणाला देवाची इच्छा म्हणू नये.

आगीत कोणाचे घर गेले, कोणाचे लेकरू गेले, की आपल्या तोंडून दोनपैकी एक वाक्य सहज निघते. "देवाची इच्छा," असे काही म्हणतात. "काही तरी पाप असेल," असे दुसरे कुजबुजतात. या दोन्ही वाक्यांविषयी प्रभूने काय म्हटले ते लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात पाहा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेमेतील इतर सर्वांहून अधिक पापी होती काय, असे येशूने विचारले आणि स्वतःच नाही असे उत्तर दिले. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब करू नका, जे जिवंत आहेत त्यांनी पश्चात्ताप करावा, असा त्याचा रोख होता.

तोच रोख आपल्या देशातील घटनांना लावून पाहा. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेचे वार्षिक संमेलन मांडवात चालले असता आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत लेकरे पुष्कळ होती. वरून मांडव पेटला आणि बाहेर पडण्यास पुरेशी वाट नव्हती. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील ठिणगी गवताच्या छपराला लागली आणि ९४ बालके गेली. ९ जानेवारी २०२१ रोजी, आपल्यापासून फार दूर नसलेल्या भंडारा येथे, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात रात्री आग लागली. त्या कक्षात १७ बालके होती. सातांना बाहेर काढता आले, दहा गेली. त्या दहा तान्ह्यांनी कोणते पाप केले होते? असा प्रश्न विचारणेच दुष्टपणाचे आहे. विचारावयाचा प्रश्न एकच, कठडा कोणी बांधावयाचा होता?

आणि देवावर भरवसा ठेवला म्हणजे कठडा नको, असे ज्याला वाटते त्याने मत्तयाचा चौथा अध्याय वाचावा. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे केले व खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असे सांगितले. त्याने शास्त्रवचनाचाच आधार घेतला. प्रभूने त्याला सांगितले की देवाची परीक्षा पाहू नये. उघड्या वायरीवर नाताळची रोषणाई जोडून "देव सांभाळील" असे म्हणणे ही श्रद्धा नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणे होय.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात आगीच्या अपघातांत सात हजारांहून अधिक माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू कारखान्यात वा गोदीत झालेले नाहीत, राहत्या घरांत झाले आहेत. म्हणजे कठड्याची आज्ञा मुख्यत्वे आपल्याच घराला उद्देशून आहे.

दुसरी गोष्ट ही की जे आपल्यासाठी जागे राहतात त्यांची आठवण ठेवावी.

बंब म्हणा, दमकल म्हणा, फायर ब्रिगेड म्हणा, आपल्या सीमेवरच्या मुलखात तिन्ही शब्द चालतात. पण त्या लाल गाडीत बसलेल्या माणसाचे काम काय, हे आपण क्वचितच जाणून घेतो. तो केवळ आग विझवीत नाही. पडलेल्या भिंतीखालून माणसे काढणे, पुरात अडकलेल्यांना दोर टाकणे, अपघातात चेपलेल्या मोटारीतून जखमींना सोडविणे, विहिरीत पडलेली गाय वर काढणे, ही सर्व कामे त्याच्याकडे येतात. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल तुमच्यापैकी कोण वर काढणार नाही, असे प्रभूने परूश्यांना विचारले होते. अग्निशामक जवानाला रविवार नाही, दिवाळी नाही, नाताळ नाही. ज्या रात्री आपण मध्यरात्रीच्या उपासनेला बसतो त्या रात्री कोणी तरी ठाण्यावर बूट काढल्याविना बसलेला असतो.

हे काम एकट्याचे नव्हे. होजच्या तोंडाला पितळी नळी असते, तिला हे लोक ब्रँच म्हणतात. पूर्ण दाबाने पाणी सुटले म्हणजे ती एका माणसाला फार वेळ धरवत नाही. मागून दुसऱ्याने होज पेलावा लागतो. तिसरा पंपावर उभा राहतो, चौथा पाण्याची सोय पाहतो. अमालेकाशी लढाई चालू असता मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले, हे आपल्याला आठवते ना? तसेच हे आहे. धुराने भरलेल्या घरात शिरताना जवान पाठीवर हवेचे सिलिंडर घेतात. ते सुमारे अर्धा तास पुरते. हवा संपत आली की त्यातली शिटी वाजू लागते, आणि मग बाहेर निघालेच पाहिजे. आत जाणारे एकेकटे जात नाहीत, जोडीने जातात. बाहेर एक जण फलक घेऊन उभा असतो. कोण आत गेला, किती वाजता गेला, हे त्यावर लिहिलेले असते. प्रभूनेही आपल्या शिष्यांना दोघे दोघे असे पाठविले होते. आणि आपल्या मंडळीत फलक घेऊन दारात उभा राहणारा कोणी आहे काय? कोण अंधारात गेला आणि अजून परतला नाही, हे कोणी पाहतो काय?

या शिक्षणाचे केंद्र आपल्या शेजारीच आहे, हे कित्येकांना ठाऊक नसेल. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ पासून ते नागपुरास आहे. देशभरातून अधिकारी तेथे शिकावयास येतात. याच महाविद्यालयात २००२ मध्ये नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला. तेथे शिकलेल्या त्या पहिल्या महिला होत. आपल्या मंडळीतील मुलामुलींना बारावीनंतर काय करावे असा प्रश्न पडतो, तेव्हा वडीलधारी माणसे दोनचार ठरावीक वाटा सांगतात. नर्सची सेवा ही सेवा, शिक्षकाची सेवा ही सेवा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानले. मग ही सेवा त्या यादीत का नसावी?

पण कामकरी थोडे आहेत. केंद्रीय गृहमंत्रालयाने करवून घेतलेल्या २०११ च्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की जितके मनुष्यबळ असावयास हवे त्यात ९६ टक्क्यांहून अधिक तूट आहे, आणि ठाण्यांची तूट त्याहूनही मोठी आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढविण्यासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. पैसा आला की गाड्या येतील. पण गाडी स्वतः होज धरीत नाही. इथ्रोने मोशेला सांगितले की हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. दहांवरचा माणूस हा सर्वांत जवळचा. संकटाच्या पहिल्या पाच मिनिटांत तोच उपयोगी पडतो.

आपल्या राज्यघटनेत १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली गेली. नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत अग्निशमन सेवा हा एक आहे. म्हणजे हा विषय भोपाळचा किंवा दिल्लीचाच नव्हे, तो आपल्या नगर परिषदेचाही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यात सौसर व पांढुर्णा हे तालुके आले. नव्या जिल्ह्याचे काम बसते आहे, अशा वेळी नागरिकांनी विनयाने विचारणे योग्य होय : आपल्याकडे बंब कोठून येईल? किती वेळात येईल? त्यावर किती माणसे असतात? ती कायम नोकरीची आहेत की रोजंदारीची? त्यांना बूट, हेल्मेट, हवेचे सिलिंडर मिळाले आहे काय? त्यांचा विमा उतरविला आहे काय? याकोबाच्या पत्रात असे आहे की उघड्या व उपाशी भावाला नुसते "सुखाने जा" म्हणून काही उपयोग नाही. बूट नसलेल्या जवानाला नुसते "शूर वीर" म्हणूनही काही उपयोग नाही.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील एका जुन्या इमारतीला आग लागली. त्या आगीने अग्निशमन दलाचे चार अधिकारी नेले : संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. प्रमुख असलेला मनुष्य कचेरीत बसून हुकूम सोडीत नव्हता, तो आपल्या माणसांबरोबर आगीजवळ होता. मोठा होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावे असे प्रभूने सांगितले, त्याचा अर्थ यापेक्षा सोपा करून आम्हांला सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे, आणि ती आपल्या शेताची आहे.

निर्गमाच्या बावीसाव्या अध्यायात असा नियम आहे की कोणी विस्तव पेटविला, तो काटेरी झुडपांत पसरला आणि दुसऱ्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर ज्याने पेटविले त्याने ते भरून द्यावे. हा नियम वाचला की आमच्या डोळ्यांपुढे कनान देश येत नाही, आपला धुराच येतो. एप्रिलमध्ये धुऱ्यावरचे गवत जाळावयाचे, शेतातली नरवाई जाळावयाची, पऱ्हाट्यांचा ढीग पेटवून द्यावयाचा, आणि "आत्ता येतो" म्हणून घरी जेवावयास जावयाचे. वारा फिरतो. शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेला आच लागते. संत्र्याचे झाड फळाला यावयास चारपाच वर्षे लागतात; त्या दिवसांत आंबिया बहराची बारीक फळे झाडावर असतात. एका दुपारी ती चारपाच वर्षे करपून जातात.

मोहाच्या झाडाखालीही हेच घडते. पहाटे पडलेली फुले नीट दिसावीत म्हणून खालचा पाला पेटविला जातो, आणि तोच विस्तव पुढे रानात शिरून वणवा होतो. पाला झाडून बाजूला करावा, किंवा झाडाखाली जुने लुगडे वा जाळे अंथरावे, म्हणजे फुलेही स्वच्छ मिळतात आणि रानही वाचते. नरवाई जाळण्यास शासनाची मनाई आहे, हे तर आहेच. पण शासनाच्या आधी नियमशास्त्राने त्यावर बोट ठेवले आहे.

आता त्या वचनातला शेवटचा शब्द पाहा. भरून द्यावे. धुऱ्याची आग कोणी लावली हे गावात बहुधा कळत नाही. कळले तरी कोणी बोलत नाही. "कोणी तरी बिडी टाकली असेल" असे म्हणून प्रकरण मिटते. पण ज्याने लावली त्याला ठाऊक असते. तो रविवारी उपासनेला बसतो, प्रभुभोजनाचा पेला घेतो, आणि दोन बाकांपलीकडे ज्याची गंजी जळाली तो बसलेला असतो. प्रियजनहो, असे कोणी हे वाचीत असेल तर आम्ही त्याला दोष लावीत नाही. नियमशास्त्र काय म्हणते तेवढेच त्याच्यापुढे ठेवतो. जक्कयाने चौपट परत देऊ केले, तेव्हा प्रभू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. एक गाडी कडबा परत देणे ही लहान गोष्ट नव्हे. कदाचित त्या दोन घरांत वर्षानुवर्षे बंद असलेले बोलणे त्या एका गाडीने सुरू होईल.

तर मग मंडळीने काय करावे? नहेम्याने कोट बांधताना प्रत्येकाला आपापल्या घरासमोरचा भाग दिला, आणि सांगितले की जेथे कर्णा ऐकाल तेथे धावून या. याच क्रमाने आपणही चालू.

आधी आपले घर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, बाहेर पडावे आणि १९०६ या नंबरावर कळवावे. कढईतले तेल पेटले तर त्यात पाणी कधीही ओतू नये. विस्तव बंद करून वर झाकण ठेवावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये, आधी मेन स्विच बंद करावा. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर पडून लोळावे. भाजलेल्या जागी हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. वीस मिनिटे नळाचे थंड पाणी सोडावे आणि दवाखाना गाठावा. भगिनी मंडळाने एक दिवस केवळ यासाठी राखून ठेवावा, कारण चुलीपाशी सर्वाधिक वेळ आपल्या बहिणी व सुना उभ्या असतात.

नंतर देवाचे घर. उपासनामंदिराला दारे किती, आणि उपासनेच्या वेळी त्यांतली उघडी किती? चोरीच्या भीतीने मागचे दार कुलूपबंद ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. रात्री ते खुशाल बंद ठेवा. पण आत लेकरे बसली असताना ते उघडे असले पाहिजे. नाताळच्या मांडवाला किमान दोन रुंद वाटा ठेवाव्या. मेणबत्त्या कापडी पडद्याजवळ लावू नयेत. भिंतीवर अग्निशामक नळकांडे असेल तर त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे पंचांनी दर महिन्याला पाहावे. नसेल तर यंदाच्या रंगकामाच्या पैशातून आधी ते घ्यावे. कापणीच्या सणाला दोन झालरी कमी लागल्या तरी देवाला चालेल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना विशेष सांगणे आहे. लेकरे भ्याली म्हणजे लपतात. खाटेखाली, कपाटात, कोपऱ्यात. म्हणून त्यांना आधीच शिकवून ठेवावे की आग दिसली तर लपावयाचे नाही, बाहेर यावयाचे. धूर वर जातो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत निघावयाचे. बाहेर चिंचेखाली म्हणा, विहिरीजवळ म्हणा, एक जागा ठरवावी आणि तेथे हजेरी घ्यावी. शद्रख, मेशख व अबेदनगो यांचा धडा असेल त्या रविवारी हा सराव करावा. मुले विचारतील, "त्या तिघांना देवाने भट्टीत वाचविले, मग आम्ही पळावयाचे कशाला?" त्यांना सांगावे की त्या तिघांना राजाने भट्टीत टाकले, ते आपण होऊन खेळावयास गेले नव्हते. आणि जे कोणी त्या दिवशी खरोखर आगीत सापडतात, त्यांच्याबरोबरही तो चौथा असतो, हेही सांगावे.

शेवटी गाव. १०१ आणि ११२ हे नंबर, आणि जवळच्या नगर परिषदेच्या बंबाचा नंबर, मंदिराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा. फोन करणाऱ्याने गावाचे नाव, खूण, काय पेटले आहे आणि आत माणसे आहेत काय, हे सांगावे, आणि एकाने रस्त्यावर उभे राहून गाडीला वाट दाखवावी. तमाशा पाहावयास आलेल्यांच्या मोटारसायकलींनी गाडी अडते, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. खोटा फोन करणे म्हणजे दुसऱ्याच्या घराची मदत चोरणे होय. देशात 'आपदा मित्र' म्हणून स्वयंसेवकांना शिक्षण देण्याची योजना आहे. तरुण संघाने जिल्हा कचेरीत तिची चौकशी करावी. आणि १४ एप्रिलच्या सुमारास अग्निशमन दलाच्या माणसांना आमंत्रण देऊन त्यांचे प्रात्यक्षिक मंदिराच्या आवारात ठेवावे. सर्व आळ्यांतील शेजाऱ्यांना बोलवावे. त्यांना चहा द्यावा, त्यांची नावे विचारावी, आणि पुढच्या रविवारी त्या नावांनी प्रार्थना करावी.

यहेज्केलाला देवाने सांगितले की पहारेकऱ्याने तलवार येताना पाहून कर्णा वाजविला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्या पहारेकऱ्याला द्यावा लागेल. कठड्याची आज्ञा आणि कर्ण्याची आज्ञा एकच आहे. ज्याला दिसते त्याने बोलावे. ज्याला बांधता येते त्याने बांधावे.

आपण स्वतः तरी कसे वाचलो? आपला तारणारा दूर उभा राहून हाका मारीत नव्हता. जेथे आपण सापडलो होतो तेथे तो आत आला आणि आपल्यासाठी त्याने आपला प्राण दिला. ज्यांना असे बाहेर काढले आहे, त्यांनी शेजाऱ्याच्या घराकडे पाठ करून निजणे शोभत नाही. या आठवड्यात प्रत्येकाने घरी गेल्यावर वर पाहावे, खाली पाहावे, मागचे दार पाहावे, आणि देवापुढे स्वतःला विचारावे की माझा कठडा बांधला आहे काय?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमची घरे, आमची शेते व आमची लेकरे तुझ्या हाती आहेत. आळसाला श्रद्धेचे नाव देण्यापासून आम्हांला राख. जे आमच्यासाठी रात्री जागतात त्यांना बळ दे, आणि त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्यांना धीर दे. ज्यांनी आगीत आपली माणसे गमावली त्यांचे सांत्वन कर. ज्याला काही भरून द्यावयाचे आहे त्याला ते देण्याचे धैर्य दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.